उष्टं

बेकरी बंद पडली तेव्हा मी तिथून एक पत्र्याचा ट्रे आणला,
पावाचा, लांबरुंद, कडा काळवंडलेल्या.
वाल्पाराइसोच्या आमच्या टेकडीला एकशे बारा पायऱ्या,
साठाव्या पायरीवर तो अकरा वर्षं पडून आहे.
बंदरातून माशांची डोकी आणायची, भातात कालवायची.
हाक मारावी लागत नाही, मांजरं वासानेच येतात.

आधी भांडायची. तुएर्ताचा डोळा त्यातच गेला.
मग शिकली.
सतरा तोंडं एका ताटात,
आणि मी गल्लीतल्या पोरांना सांगायची,
बघा, तुमच्यापेक्षा यांना कळतं.

या जूनच्या थंडीत राखी सेनिसाच्या हिरड्या
चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या.
डॉक्टर ब्रियोनेस धापा टाकत चढून आले.
मानेजवळचे केस कापले, थेंबभर रक्त,
साबणाच्या वडीएवढं एक यंत्र.
दहा मिनिटं, म्हणाले.
मी चहा केला. कुणी प्यायलं नाही.
एक ठिपका यायचाच असतो, तो धरायचा नाही.
दुसरा यायला नको.
आला.

पुढच्या आठवड्यात चौदांचं रक्त घेतलं, नऊ जणांना निघाला.
तिघं हाती लागली नाहीत.

कसा पसरतो हो? चावून?
चावूनही. पण जास्त करून चाटून,
एका ताटात जेवून,
आईच्या पोटातून, दुधातून.
बाहेर तो फार टिकत नाही, साध्या साबणानं मरतो,
असं म्हणताना ते खाली बघत होते.
मी ट्रेकडे.
एवढा नाजूक जीव,
त्याला कुणाची तरी माया लागतेच.

आता मार्गारिनचे सतरा डबे आहेत, पायरीला एक.
त्यातले पंधराच भरते.
नेलिदा मावशीची शाळा, म्हणून पोरं हसतात.
ज्याचं त्यानं खायचं, कुणाचं उष्टं नाही.
खातात. शहाण्यासारखी खातात.
मग तुएर्ता उठते, दोन पायऱ्या उतरते
आणि सेनिसाच्या कानामागे जीभ फिरवायला लागते,
सावकाश,
जिथे सेनिसाची स्वतःची पोचत नाही तिथे.

मी टाळी वाजवते. शुक् शुक् करते.
ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघते,
माझ्या हातातल्या पळीकडे बघते,
आणि पुन्हा सुरू करते.