मधला

दस्तगीरमामूला लाल दिसत नाही, हिरवाही नाही,
दोन्ही एकाच मळकट ताग्यातले.
टोमॅटो तो अंगठ्यानं ओळखतो
आणि दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल जागेवरनं :
वरचा पेटला, ब्रेक. खालचा, चल.
मधल्याचं काय, विचारलं तर म्हणतो,
"मधला कोल्हापुरात कुणालाच दिसत न्हाई."

मला टेम्पो शिकवतो. मागं क्रेटा हलतात.
"उजवीकडं वळायचंय? मग आधीपासनं उजवीला लाग.
डावी मोकळी सोड. तिथं उभारलास
तर मागचा सात पिढ्या काढंल."

पाचनंतर मात्र ऊन पाठीमागनं येतं,
दिव्यांच्या काचांत शिरतं,
तिन्ही पेटल्यासारखे.
तेव्हा मामू वर बघतच नाही.
शेजारच्या स्कूटीवरल्या बाईचा
जमिनीला टेकलेला पाय बघतो.

परवा तो पाय उचलला. मामूनं गिअर टाकला.
पुढचं चाक झेब्रापट्ट्यावर, आणि शिट्टी.
बाई निसटलेली चप्पल घालत होती.

तेव्हापासनं पाचनंतर रंग सांगायचं काम माझं.
काल तळहाताची सावली धरून बघितलं,
म्हटलं, "मामू, मधला."
मामूनं खरंच ब्रेक मारला.

मागं एकदम चाळीसेक हॉर्न.