शिल्लक दांडी

तंबूची एक दांडी शिल्लक राहिली.
दिगूने सूचनांचा कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला,
मग जाहीर केलं की एक जास्तीचीच देतात.
तंबू डावीकडे जरा झुकला होता,
कुणाचं तरी कान देऊन ऐकत असल्यासारखा.

कांदिवलीच्या आमच्या घरापासून रिक्षाने पस्तीस मिनिटं,
त्यातली वीस सिग्नलला,
एवढ्यावर हे जंगल,
आणि इतक्या वर्षांत आम्ही इथे रात्रीचे पहिल्यांदाच.

अर्णाच्या पुस्तकात परदेशातलं एक झाड आहे,
त्याच्या बुंध्यातून मोटार आरपार जाते.
"तसलं कुठंय?" तिने काशिनाथ वरठांना विचारलं.
वरठा वनखात्यातले, पण त्याच्याही आधी इथल्याच पाड्यातले.
म्हणाले, "मोटारीचं नाय. आमच्याकडं मुंग्यांचं हाय. बघतेस?"
आणि बेहड्याच्या सालीतली बोटभर फट दाखवली.
ती अर्धा तास तिथे उकिडवी.
जयूने त्याच झाडाला मिठी मारली,
निम्म्यालाही पुरली नाही.
गालावर साल उमटली, ती झोपेपर्यंत चाचपत होता.

चूल पेटवायला बंदी. डब्यातल्या दशम्या,
शेंगदाण्याची चटणी, आणि सांडलेलं ताक.

सातला अंधार पडला.
जयू म्हणाला, "आई, लाइट लाव."
चार वर्षांचा आहे. त्याच्या खिडकीत
समोरच्या टॉवरचा लाल दिवा रात्रभर,
खाली बँकेची निळी पाटी.
त्याच्या लेखी अंधार म्हणजे गेलेली लाइट,
आणि गेलेली लाइट येतेच.
"इथे बटणच नाही रे," मी म्हटलं.
तो तरी जमिनीवर हात फिरवून शोधत राहिला.

रात्री दोनला, "मला शू."
दिगू घोरत होता.
वरठा संध्याकाळी सहज बोलून गेले होते,
बिबट्या आपल्याला दिसत नाय, आपण त्याला दिसतो.
तंबूची चेन ओढली तसं ते वाक्यही दाताशी दात उघडत गेलं.

दहा पावलं. पुढे ऐनाचं झाड,
सुसरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं.
जयू थांबला. "याला विचारायचं ना आधी?"
"काय?"
"झोपलंय का."
"विचार."
त्याने विचारलं, अगदी हळू, आणि उत्तराची वाट पाहिली.
मीही पाहिली.
दूर एक चितळ ओरडलं. एकदाच.
मग सगळं इतकं गप्प, की बॅटरीसुद्धा
मला फार मोठ्याने पेटलेली वाटली, विझवली.
वर, पानांच्या मागे, आभाळ काळं नव्हतंच.
आमच्याच शहराचा उजेड उतू जाऊन इथवर आलेला, नारिंगी,
आणि त्यातून एक विमान चाकं काढून उतरत होतं.
माझा हात जयूच्या खांद्यावर होता.
धरलं कुणी कुणाला होतं, ते सोडा.

"जागंय," तो म्हणाला, "पण कर म्हणतंय."

सकाळी वरठा ऐनाखालच्या मातीकडे
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ बघत उभे.
"रात्री कोण आलेलं भायेर?"
"आम्ही दोघं."
"हं," म्हणाले, आणि चपलेने माती सारखी केली.
मी पुढचं विचारलं नाही. मुलं दात घासत होती.

घरी आल्याला आता तीन आठवडे झाले.
जयू झोपताना समोरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवतो,
"आई, अंधार लाव."
पडदा पुरत नाही.
म्हणून आम्ही जुनी सोलापुरी चादर आणली,
आणि ती खिडकीवर ताणून धरायला
तंबूची शिल्लक दांडी.
दिगू म्हणतो, बघ, म्हटलं नव्हतं?

चादर डावीकडे जरा झुकते.
तिथून बँक थोडी आत येते, निळी.