एकेचाळिसावा टेक

लेलँड ऑस्टबी गेला, हे मला
बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीवर कळलं.
मंगळवारी अजून मला चालवू देतात ती.
रेडिओ खरखरत होता, बाहेर उणे सव्वीस.
निवेदिका म्हणाली, हरणाऱ्यांना जिंकवणारा दिग्दर्शक.
मी गाडी थांबवली नाही.
थांबवली की खालचं गरम पाणी बर्फाला खड्डा पाडतं.

हरणाऱ्यांना जिंकवणारा. बरं.
पण बाई, कुणी जिंकायचं तर
समोर कुणीतरी हरावं लागतं,
आणि त्या सिनेमात तो मी होतो.

पंचाहत्तर साल. मेसाबीच्या खाणी अर्ध्या बंद,
गावातले निम्मे बाप घरी बसून
आयांना स्वयंपाक शिकवत होते.
त्यात ही मंडळी ट्रक घेऊन आली.
दिवसाला वीस डॉलर, दुपारचं सूप वेगळं.
कागदावर माझं नाव नव्हतं,
‘विरुद्ध संघाचा गोली, धिप्पाड’ एवढंच.
(पॅड बांधले की सगळेच धिप्पाड.)

काम सोपं. शेवटच्या तीन सेकंदांत
कॅलिफोर्नियाच्या एका देखण्या पोराने मारलेली चकती
डाव्या खांद्यावरून आत जाऊ द्यायची.
पोराला स्केटिंग येत नव्हतं.
चौकटीबाहेरून दोघं त्याला ढकलायचे,
थंडीत बंद पडलेली गाडी ढकलावी तसं.

पहिला टेक. मी अडवली.
दुसरा. अडवली.
हात ऐकेना.
सात वर्षांचा असल्यापासून त्याला एकच गोष्ट शिकवलेली,
वीस डॉलरसाठी तो ती कशी विसरणार?
बाराव्याला गॅलरीतून माझीच मावशी ओरडली,
‘सोड की मेल्या, वाइनो!’
तिचं घरी पावाचं पीठ फुगत होतं.
तिसाव्याला लाइटवाले शिव्या द्यायला लागले,
चाळिसाव्याला मी स्वतःच.

मग तो आला.
साध्या चामडी बुटांत, थेट बर्फावर,
आणि गोलपासून चार हातांवर सपशेल आपटला.
कुणी हसलं नाही. तोच हसला.
उठला नाहीच, बसल्या बसल्या सरकत आला
आणि खांबाला टेकला.
म्हणाला, शाळेत तीन वर्षं संघात होतो.
तिन्ही वर्षं बाकावर.
टॉवेलांच्या घड्या मात्र माझ्यासारख्या कुणाच्या नव्हत्या.
मग विचारलं,
तू खरा कधी हरलास?

कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं.
त्रेसष्ट साल, विभागाचा अंतिम सामना,
एक चकती, संथ, वाट चुकल्यासारखी आलेली,
माझ्या दोन पायांतून गेली.
वडील आले होते बघायला.
परतीचे एकवीस मैल ते गाडीच्या हीटरबद्दल बोलत राहिले.
पुढे मरेपर्यंत त्या सामन्याचा विषय काढला नाही.
काढला असता तर बरं झालं असतं.

ऑस्टबी बराच वेळ गप्प. पँट भिजत होती त्याची.
मग म्हणाला, नाव काय म्हणालास?
खिशातली पेन्सिल काढून माझ्या मुखवट्याच्या आत,
चिकटपट्टीवर लिहिलं. वानो.
चुकीचं लिहिलं.

एकेचाळिसावा टेक.
मी सोडली नाही, एवढं मला सांगायचंय.
जीव तोडून अडवायला गेलो
आणि ती गेली.

लोक अजून त्या क्षणाला उठून टाळ्या वाजवतात.
पडद्यावर पोरगा, मग त्याची आई, मग हवेत टोप्या.
पण त्याच्याआधी, मोजून दोन श्वास,
कॅमेरा माझ्यावर थांबतो.
निर्मात्याला ते दोन श्वास नको होते म्हणे,
ऑस्टबी त्यांच्यासाठी भांडला म्हणे.
ऐकीव आहे. मी कधी विचारलं नाही.
दर नाताळला कार्ड यायचं, वानोच्या नावाने.
तेही मी कधी दुरुस्त केलं नाही.

साडेतीनला लहान मुली येतात सरावाला.
त्यांची गोली आठ वर्षांची,
चकती आली की डोळे मिटते.
आज खिळ्यावरचा जुना मुखवटा तिने काढला,
उलटा करून आत वाचलं.
हा वानो कोण?
म्हटलं, होता एक. हरला होता.
मग?
मग काय.
चल, बर्फ तयार आहे.