दुसऱ्या व्हायोलिनचा कागद

कुडतरीला गेलो होतो पायपेटीचा भाता सांधायला.
एस्पेरान्साने ट्रंक उघडली. म्हणाली,
हेही बघा जरा, वाळवीने अर्धं वाचून टाकलंय.

मला त्या पाच रेघा वाचता येत नाहीत.
मी सारेगमचा माणूस. शिरोड्याच्या जत्रेत
रात्रभर चालणाऱ्या नाटकांना पेटीची साथ करणाऱ्याचा मुलगा.
मला दिसली ती पाच बांधांच्या पाण्यात
सुटलेली बेडकाची पिल्लं, काळी, शेपटीवाली,
खालच्या तळ्यात असतात तशी.

हे तिच्या काकाचं. एर्मेलिंद रेबेलो.
चर्चच्या शाळेत छडीच्या तालावर दो-रे-मी,
एकोणिसाव्या वर्षी बोट, कोलंबो, मग सिंगापूर,
साहेब जेवत असताना सॅक्सोफोन,
हाँगकाँगला मालकाने तीन महिन्यांचा पगार बुडवला
तेव्हा बारमधलं पियानोचं स्टूल उचलून आला.
मी त्याच्यावरच बसलो होतो. अजून फिरतं.

मग मुंबई.
संगीतकार यायचे, गुणगुणायचे, चहा घ्यायचे, जायचे.
हा रात्रभर चाळीस माणसांना चाळीस कामं नेमून द्यायचा.
सकाळी नऊला स्टुडिओत कागद वाटताना
शाई ओली असायची.
तबकडीवर नाव शोधू नका.
मी शोधलंय, भिंग घेऊन.

हिंदी त्याला येत नसे. गाण्यांची नावं पोर्तुगीजमध्ये,
एस्पेने वाचून दाखवली:
गाणं तीन. पाऊस. बाई आजारी.
गाणं सात. तीच बाई, आता बरी.

ट्रंकेत सगळं होतं. सेलो, बासरी, ट्रम्पेट,
कुठल्याशा घंटेचा एक अख्खा कागद, त्यावर एकच ठिपका.
फक्त चाल नव्हती.
चाल दुसऱ्याची, ती ज्याची त्याने नेली.

एस्पेने व्हायोलिन काढलं. तारा तीनच.
दुसऱ्या व्हायोलिनचा कागद लावला आणि वाजवू लागली:
दोन सूर, गप्प. तीन सूर, गप्प.
कुणाच्या तरी बोलण्याला नुसतं हं, हं म्हणावं तसं.
मग बावीस बार काहीच नाही.
ती पायाने मोजत राहिली. तिचे बार, माझी आवर्तनं.
अकराव्याच्या आसपास
माझ्या तोंडातून चाल बाहेर पडली.

आंब्याला बांधलेला कर्णा. पहिला अंक संपलेला,
रंगवलेला दुर्योधन मंडपामागे विडी ओढतोय,
आणि कर्ण्यावर हेच गाणं.
बाबा पेटीवर कोपर टेकून म्हणाले,
गाणारीला ऐकू नको रे. तिच्या मागे कोण आहे, ते ऐक.
मी मागे वळून बघितलं होतं.
सहा वर्षांचा होतो. मागे भजीवाला होता.

पुढे एका पेटीत चाळीस माणसं मावू लागली, जपानी पेटी.
ती पहिल्यांदा यानेच घेतली, कर्ज काढून.
शिकला. आणि चाळीसांतल्या अकरा जणांना
उद्यापासून येऊ नका, हे स्वतःच्या हाताने लिहिलं.
उरलेल्यांना सांगायला फोन केले की नाही, एस्पेला माहीत नाही.
नंतर तो मडगावला आला, स्वतःची कंपनी काढली,
स्वतःचं नाव, मोठ्या अक्षरात, पहिल्यांदाच.
दोनशे कॅसेटी माळ्यावर आहेत.
सातवीच्या पुढे ऐकवत नाहीत, ती म्हणाली,
सगळीकडे तोच एकटा वाजवतोय.

ऊन कलल्यावर मी भात्याकडे वळलो.
घडी आतून फाटली होती,
जाड, जुना, मुरलेला कागद हवा होता.
एस्पेने ट्रंकेत हात घातला.
मी नको म्हटलं.
ती म्हणाली, बावीस बारांचा तुकडा आहे, कोराच की.

सरस लावला, दाबून धरला, वाळेपर्यंत
दोघं काही बोललो नाही.
मग पाय मारला. श्वास पुरला,
वरच्या पंचमाला अजून थोडी कुरकुर आहे.

बिलात भाता लावला, जाण्यायेण्याची बस लावली.
कागदाचे पैसे लावले नाहीत.