कापिकुले, रात्री पावणेतीन

विचारलंस ते बरं केलंस, सेवजान.
सगळी बस घोरतेय, आणि तू पहिल्यांदाच निघालीयस
आईच्या गावाला, किर्जालीला,
मांडीवर दोन पासपोर्ट घेऊन.

तर ऐक. तुर्की खिडकीत तुर्की द्यायचा.
शिक्का बसला की तो आत.
मग बस थोडी पुढे सरकते, पुन्हा थांबते,
आणि पलीकडच्या खिडकीत बल्गेरियन.
उलटसुलट केलंस तर व्हिसा मागतील,
आणि मागे उभे असलेले चाळीस जण तुझ्या नावाने बोटं मोडतील.

दोन्ही मरून. अंधारात ओळखू येत नाहीत.
मी बल्गेरियनला केसांचा रबर लावते.
तो तुटला तर अंगठ्याने चाचपते:
चंद्रकोर पार झिजलीय,
सिंह अजून खरखरतो.

नाव?
हो, बरोबर वाचलंस. वेगळं आहे.
यात मी नेफिसे. त्यात नेवेना.

पंच्याऐंशीचा जानेवारी. गुडघाभर बर्फ.
कचेरीतल्या टेबलावर नावांची यादी,
दारात बंदुका, कारकुनाला सर्दी.
मी सतरा वर्षांची.
लवकर, लवकर, म्हणाला तो नाक पुसत.
मी नेवेनावर बोट ठेवलं
कारण पहिलं अक्षर तेच होतं
आणि लग्नासाठीच्या बारा रुमालांवर
ते मी आधीच भरून ठेवलं होतं.
उसवायचं जिवावर आलं, एवढंच.

आजोबा तीन वर्षांपूर्वी गेलेले.
त्यांचंही नाव बदललं.
त्यांना यादी कुणी दाखवली नाही.

मग एकोणनव्वदचा उन्हाळा, आणि हातात पासपोर्ट.
जा म्हणाले, पर्यटक म्हणून, तीन महिने.
तंबाखू शेतात उभा, गाय शेजाऱ्याच्या दावणीला,
आणि आमच्या गाडीच्या टपावर शिलाई मशीन.
सहलीला शिलाई मशीन कोण नेतं गं?
याच फाटकातून आलो. तेव्हा इथे नुसती धूळ होती.
ते अत्तराचं दुकान बघतेयस ना, तिथे मला उलटी झाली होती.

बदलून मिळतं नाव, माहितीये मला.
नवरा दर वर्षी सांगायचा. अर्ज आणलाय,
बुर्साच्या घरी चमच्यांच्या खणात पडलाय.
लोकांना वाटतं मी आळशी.
पेन्शनसाठी म्हणते मी कधी कधी,
तंबाखूच्या गोदामातली चार वर्षं त्या नावावर आहेत म्हणून.
तेही खरंच आहे. थोडं.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात मुलगा झाला.
अकरा दिवस होता.
त्याच्या जन्माच्या कागदावर, आणि दुसऱ्या कागदावर,
आई म्हणून नेवेना लिहिलंय.
घरात दार लावून मला सगळे नेफिसेच म्हणायचे,
पण सरकारदरबारी त्याला दुसरी आई नाही.
तिला खोडलं तर
ते पोर कुणाचं?

नको, रुमाल नको. माझ्याकडे आहे.

मधल्या पट्ट्यात बस वीस मिनिटं उभी राहते.
दोन्ही पासपोर्ट पर्समध्ये असतात,
कुणी काही विचारत नाही.
मी तिथे संत्रं सोलते दर वेळी.
आज अर्धं तुला.

चल, ऊठ, दिवे लागले.
आधी बिनरबराचा.
आणि पलीकडच्या खिडकीत
तो पोरगा नेवेना, नेवेना करत राहिला,
तर मला कोपराने ढोस जरा.
अजून
पटकन ऐकू येत नाही मला ते.