अर्थ

कोराडीहून निघालेली वीज
माझ्या खोलीत येऊन घुमते,
सेकंदाला पन्नास वेळा.
दात दाबून कुणी नाही म्हणत राहावं
तशी.

रेकॉर्ड अजून लावलेली नाही. सुई वर,
आवाजाचं बटण मात्र पूर्ण उघडं.
मे महिना, गोळीबार चौकामागची गल्ली,
कूलर मुद्दाम बंद.
घाम सर्किटवर टपकू नये म्हणून
कपाळाला दुपट्टा बांधून बसले आहे.

डबा भंगारातल्या स्टॅबिलायझरचा.
आतलं सगळं माझं,
सीताबर्डीला मोजून घेतलेले रेझिस्टर
आणि अंगठ्यावरचे दोन चटके.

यादवराव हेडाऊ दारातूनच म्हणाले,
"दोन तारा अशा सुट्या सोडतेत काय बाई?
पीळ दे. पीळ नसन तं त्याले सूत नाही म्हनत,
कापूस म्हन्तेत."
आधी मागावर, मग विजेच्या खांबावर गेलेला माणूस.
त्यांनी दोन्ही तारा मांडीवर घेतल्या
आणि वाती वळाव्या तशा तळहातानं वळल्या.
जाणारी नि येणारी इतक्या बिलगल्या
की बाहेर सांगण्यासारखं
दोघींकडे काही उरलं नाही.

आवाज थोडा बसला.

मग ट्रान्सफॉर्मर एका स्क्रूवर सैल ठेवून
फिरवत गेले, बोटभर, अजून बोटभर.
एका तिरप्या कोनात घुमणं अचानक पडलं.
दिसायला वाईट. तिथंच आवळला.

जाळीची तार एकाच टोकाला जोडली,
दुसरं टोक कापून वर रबराची टोपी.
दोन्हीकडे बांधली की वीज कड्यात फिरते.
हे मला पुस्तकाआधी जिल्हा परिषदेनं शिकवलं,
दोन साहेबांच्या मधली फाईल बघून.

शेवटी सगळ्या काळ्या तारा एका बोल्टवर.
सात रिंगा, एक वॉशर,
खाली रंग खरवडून उघडा केलेला पत्रा.

तरी होतंच.
बारीक, पण होतं.
डब्याला हात लावला की गप्प,
काढला की पुन्हा सुरू.
रात्रभर हात ठेवून तर बसता येत नाही.

यादवराव बॅटरी घेऊन मागच्या अंगणात गेले.
मोरीपलीकडची वीट उचलून वाकून बघितलं.
"अर्थ सुकला न तुह्या घराचा.
पानी कधी टाकलं होतं?"

वायरमन लोक अर्थिंगला अर्थच म्हणतात.
मी मराठीत एम.ए. केलं.
दोन वर्षं वर्गात ज्याची चर्चा चालली
तो इथं, विटेखाली,
गंजलेल्या पाइपाला बांधलेला,
आणि त्याला पाणी घालायचं असतं
हे एकाही सरांनी सांगितलं नाही.

मूठभर कोळसा, अर्धा किलो खडेमीठ,
वर उद्याच्या धुण्याच्या तीन बादल्या.
भेगांनी आधी बुडबुडे सोडले.
मग पाणी दिसेनासं झालं.
तिसरी बादली थोडा वेळ वर राहिली.

आत येऊन बटण पूर्ण फिरवलं.
स्पीकरला कान लावला.
आहे का चालू?
हिरवा दिवा होता, म्हणजे चालू.
फक्त अगदी तळाशी एक श्श,
ट्रान्झिस्टरचा स्वतःचा श्वास.
तो कोणत्याही मांडणीनं जात नाही.
अजनीकडे कुठेतरी डबे जोडल्याचा धक्का ऐकू आला,
आणि शेजारच्या कूलरचं टिपकणं.

"लाव न गानं आता," यादवराव म्हणाले.
"थांबा जरा."

मी थांबले, आणि गल्लीतली लाइट गेली.
शेजारचा कूलर कण्हत मंद झाला,
कुणीतरी "अबे!" म्हणालं.
पण माझा हिरवा दिवा जळत होता,
कपॅसिटरमध्ये साठलेल्या घोटावर,
तीन सेकंद, कदाचित चार.
त्या वेळात कोराडी नव्हती, खांब नव्हते.
श्श सुद्धा हळूहळू विरत गेली.

यादवराव अंधारात कुजबुजले,
"अजून चालू हाय काय?"
मी त्यांना हातानंच गप्प केलं.
त्यांना दिसलं नसणार.