समुद्राखालचा तिठा

सव्वीस दिवस झाले.
आंघोळीत साबणाचा हात फिरताना लागली,
डावीकडच्या अंडात, वाटाण्याएवढी.
दुखत नाही.
दुखली असती तर बरं झालं असतं,
दुखणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस कुरकुर तरी करतो.

माझं काम दोरांचं.
साल्मनच्या पिंजऱ्यांभोवती होडी फिरवायची,
जाळी ताणायची, गाठी तपासायच्या.
निरगाठ, सुरगाठ,
ओल्या हातमोज्यांतूनही ओळखतो मी.
ही ओळखीची नाही.

आमच्या गावची डॉक्टर म्हणजे ब्रांदुरची आई, रन्नवा.
माझे दुधाचे दात पडले तेव्हा ती होती,
तिच्या ओट्याशी उभं राहून मी
रुबार्बचा मुरंबा बोटानं चाटलाय.
शनिवारी ब्रांदुर मला पास देतो, मी गोल चुकवतो.
तिच्यासमोर पँट उतरवायची?
त्यापेक्षा समुद्र बरा.

रात्री फोनवर शोधतो. तीन ओळी वाचतो,
चौथीच्या आधी फोन पालथा घालतो,
जणू त्यालाच कळायला नको.
मग हात जातोच.
आहे.
एका रात्री सापडली नाही, तर इतका हरखलो
की उठून तीन अंडी तळली, पॅनमधूनच खाल्ली.
परत येऊन कूस बदलली,
आहे.

ऑक्टोबरात आजोबांच्या मेंढ्या डोंगरावरून खाली आणतो आम्ही.
एकेकीची कास चाचपायची.
आजोबा आधी तळवे एकमेकांवर घासतात,
‘थंड हाताला कुणी खरं सांगत नाही,’ म्हणतात.
गेल्या वर्षी एकीच्या कासेत काहीतरी लागलं.
आजोबा बोलले नाहीत.
तिच्या पाठीवर निळा पट्टा ओढला, वेगळी उभी केली.
निळ्या पट्ट्याचा अर्थ मला माहीत आहे.

आज सुट्टी काढली. दाढ दुखते म्हणालो.
गाडी बोगद्यात घातली.
समुद्राच्या तळाखाली आमच्याकडे एक तिठा आहे,
मधोमध खडकाचा खांब, त्यावर निळाहिरवा उजेड,
पर्यटक फोटो काढतात.
एक वाट माझ्या गावाची, एक साल्टनेसची,
एक तोर्सहाव्हनची,
जिथं मला जरा कमी लोक ओळखतात.

मी खांबाला फेरी मारली.
पुन्हा मारली.
तिसऱ्या फेरीला मासळीच्या ट्रकनं हॉर्न दिला,
चौथ्या फेरीला ट्रक गेलेला होता, मी होतो.
डोक्यावर एवढा समुद्र
आणि एक थेंब गळत नाही.
खणण्याआधी कुणीतरी हा खडक ठोकून पाहिला असेल,
आतून काय येतं ते ऐकलं असेल.
भीती वाटली असेल तरी ऐकलं असेल.
पाचव्या फेरीला इंडिकेटर लागला.
मी लावला असं म्हणवत नाही.

“कधीपासून?”
“चार-पाच दिवस.”
तिनं लिहिलं नाही. पेन धरून थांबली.
“सव्वीस.”
आता लिहिलं.

खिडकीबाहेर बंदरात कुणीतरी बोट बांधत होतं,
सैल बांधत होतं, इथूनही दिसत होतं.
पडद्यामागं ये, म्हणाली.
माझा पट्टा सुटता सुटेना.
मग ती जवळ आली, थांबली,
हातमोजे घालायच्या आधी
दोन्ही तळवे एकमेकांवर
घासू लागली.